नीळ सापाची पैदास आणि आपले राउंड आयलंड

श्रावण आला की आम्हां मराठी शिक्षकांना वर्गात नागपंचमीचा पाठ घ्यावा लागतो. फळ्यावर फणा उभारलेला नाग काढायचा, त्याच्यापुढे दुधाची वाटी काढायची, आणि मुलांना सांगायचे की हा शेतकऱ्याचा मित्र आहे. मुले मान डोलावतात, पण त्यांनी नाग पाहिलेला असतो तो चित्रातच. आपल्या मॉरिशसमध्ये नाग नाही, घोणस नाही, मण्यार नाही. माणसाचा जीव घेईल असा एकही साप या बेटाच्या जमिनीवर नाही. ज्या कोकणातून आपले पूर्वज जहाजात बसून इकडे आले, तिथे मात्र फुरशाने माणसे इतकी मरत की रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला इंग्रज सरकार इनाम देत असे. ती भीती आपल्या माणसांनी बोचक्यात बांधून बरोबर आणली. उसाच्या मळ्यात फुरसे निघाले नाही, पण भीती राहिली. आजही घराच्या कोपऱ्यात एखादा कुलेव्ह निघाला, म्हणजे बाहेरून या बेटावर आलेला तो गरीब, पाली खाणारा साप, तर आपण आधी झाडू उचलतो आणि मग विचार करतो.

म्हणून सापांची अंडी उबवून, पिल्ले वाढवून, ती पुन्हा रानात सोडण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे खपतात असे सांगितले तर पुष्कळ वाचकांना हसू येईल. परंतु असे काम चालू आहे, आणि त्यातील एक धागा थेट आपल्या बेटापर्यंत येतो. तो धागा शेवटी पाहू. आधी अमेरिकेच्या आग्नेय भागात जाऊ, जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा या राज्यांत.

तिथे इंडिगो नावाचा साप आहे. इंडिगो म्हणजे आपली नीळ. फ्रेंचांच्या काळी ही नीळ आपल्या बेटावरही पिकवत असत. साप खरे तर काळा, पण उन्हात आला की त्याच्या चकचकीत खवल्यांवर निळी-जांभळी झाक उठते, म्हणून हे नाव. हनुवटी आणि गळा मात्र तांबूस किंवा फिकट पिवळसर. लांबी अडीच मीटरांच्याही थोडी पुढे जाते. अमेरिकेत मूळच्या असलेल्या सापांमध्ये याहून लांब साप दुसरा नाही. शास्त्रज्ञांनी याच्या जातीला ड्रायमार्कॉन असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ रानाचा अधिपती. पुढचे ‘कूपेरी’ हे नाव जेम्स हॅमिल्टन कूपर या जॉर्जियातील मळेवाल्यावरून पडले. त्याने अल्टामाहा नदीच्या दक्षिणेकडील कोरड्या पाइन टेकड्यांतून मिळालेला नमुना पाठवला, आणि १८४२ साली हॉलब्रुक यांनी त्याचे वर्णन छापले.

विष या सापाला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीच्या सापांत याचे नाते सांगायचे तर ते धामणीशी सांगावे लागेल. दोघेही मोठे, दोघेही दिवसा हिंडणारे, दोघेही बिनविषारी, आणि दोन्हींतील नर विणीच्या काळात एकमेकांना पीळ घालून झुंजतात. एक वेगळेपण असे की बहुतेक सापांत मादी मोठी असते, इंडिगोत नर मोठा असतो. हा साप अजगरासारखा विळखा घालून मारत नाही. जबड्यात धरायचे, दाबून चिरडायचे, आणि डोक्याकडून गिळायचे, अशी त्याची सरळ पद्धत आहे. उंदीर, बेडूक, पक्षी, लहान कासवे, सगळे चालते. आणि सापही चालतात, अगदी रॅटलस्नेक म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा भयंकर विषारी सापसुद्धा. त्याचे विष इंडिगोला फारसे बाधत नाही. ज्या गावाच्या रानात इंडिगो आहे, तिथे विषारी सापांवर आपोआप अंकुश राहतो. तरीही या सापाला त्या देशात जवळजवळ नाहीसे करण्यात आले, आणि तेही त्याच्यावर कोणाचा राग नसताना. ही गोष्ट आम्हांला मोठी विलक्षण वाटते.

याचे कारण समजून घ्यायचे तर एका कासवाची ओळख करून घ्यावी लागते. गोफर कासव म्हणून वाळूत बीळ खणणारे कासव आहे. त्याचे बीळ साधारण साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर खोल असते. बाहेर थंडी पडो की रानात वणवा लागो, आत हवा बेताची राहते. या बिळांचा आश्रय घेणारे प्राणी मोजले तेव्हा साडेतीनशेहून अधिक जाती निघाल्या. कासवाने घर बांधावे आणि सगळ्या रानाने त्यात राहावे, असा हा प्रकार. जॉर्जियाच्या बाजूला हिवाळा कडक असल्यामुळे इंडिगो साप तर या बिळांवाचून जगूच शकत नाही. उन्हाळ्यात तो दूर दूर हिंडतो. एकेका मोठ्या नराचा फिरता मुलूख हजार हेक्टरांहूनही अधिक भरतो. पण हिवाळा आला की तो पुन्हा वाळूच्या टेकडीवर, त्याच कासवांच्या बिळांकडे परततो.

कासवाला हवी मोकळी वाळू आणि गवत. ते असते लाँगलीफ पाइनच्या विरळ रानात. या रानाला वीज पडून लागणाऱ्या लहान वणव्यांची सवय असते. आगीने झुडपे जळतात, पाइन टिकतो, गवत पुन्हा उगवते. असे रान एके काळी सुमारे नऊ कोटी एकर होते. लाकूड तोडले गेले, शेते झाली, गावे वाढली, वणवे विझवले जाऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तीन कोटी नव्हे, तीसच लाख एकरांच्या घरात ते उरले. रान गेले, कासव कमी झाले, बिळे कमी झाली, सापाचे घर गेले.

त्यात माणसाने दोन गोष्टींची भर घातली. काही गावांतून रॅटलस्नेक पकडण्याच्या जत्रा भरत. साप बाहेर काढण्यासाठी लोक कासवाच्या बिळात पेट्रोल ओतत. त्या वाफेने आत बसलेला दुसरा कोणताही प्राणी गुदमरत असे, आणि त्यात रॅटलस्नेकचा शत्रू इंडिगोही असे. म्हणजे चोर पकडायला गेले आणि शिपायालाच मारून आले. जॉर्जियातील क्लॅक्स्टन गावाने २०१२ पासून आपल्या जत्रेचे रूप बदलून ती प्राणी दाखवण्याची, त्यांची माहिती देण्याची जत्रा केली, हे चांगले झाले. दुसरी भर सापाच्या चांगुलपणाने पडली. इंडिगो देखणा, आणि हातात घेतला तरी सहसा चावत नाही. त्यामुळे घरी बाळगण्यासाठी त्याला फार मागणी आली. फ्लोरिडा राज्याने १९७१ मध्ये त्याला संरक्षण दिले, आणि १९७८ मध्ये केंद्र सरकारने त्याला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले. अलाबामा राज्यात तर रानातला शेवटचा इंडिगो १९५४ साली नोंदला गेला होता.

आता पैदाशीकडे वळू. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठात डॅन स्पीक नावाचे प्राध्यापक होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी इंडिगो साप पिंजऱ्यात वाढवून त्यांची वीण केली, आणि १९८७ पर्यंत पाचशेहून अधिक साप आग्नेय राज्यांतल्या निरनिराळ्या रानांत सोडले. हे काम छोटे नव्हते. अंडी मिळाली, ती उबली, पिल्ले जगली. पण रानात सोडल्यावर कुठेही त्यांचा टिकाऊ वंश उभा राहिला नाही. पुढच्या लोकांनी कारणे शोधली. साप पुष्कळ जागी थोडे थोडे वाटले गेले होते, त्यांतले पुष्कळसे लहान होते, आणि सोडल्यावर त्यांचा माग ठेवणे अवघड होते. एवढ्या मोठ्या रानात चार पिल्ले इकडे आणि चार तिकडे सोडली तर मोठेपणी नराला मादी भेटणार कशी? आम्हांला स्पीक यांचे काम फुकट गेले असे वाटत नाही. पिंजऱ्यात अंडी कशी घ्यावीत आणि पिल्ले कशी जगवावीत, ही विद्या त्या वर्षांत तयार झाली.

ही विद्या आहे तरी कशी? पहिला नियम असा की प्रत्येक साप वेगळा ठेवायचा. साप खाणारा साप आपल्या जातीलाही सोडत नाही. नर-मादीला एकत्र आणायचे तेही विणीच्या काळापुरते, आणि कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेले असताना. आधी दोघांची पोटे भरलेली असावीत, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट ऋतूची. उत्तरेकडच्या बहुतेक सापांची वीण हिवाळ्याची झोप संपल्यावर वसंतात होते. इंडिगोची चाल उलटी. तो भर थंडीत, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत जोडी जमवतो. कासवाच्या बिळाच्या तोंडाशी, उबदार दुपारी, ऊन खाता खाता. म्हणून पिंजऱ्यातही हिवाळा निर्माण करावा लागतो. पाळणारा हळूहळू खोलीची उष्णता उतरवतो, दिवसाचा उजेड कमी करतो. अगदी गारठवून निजवायचे नाही, फक्त दिवस थंड आणि रात्र अधिक थंड, एवढेच. ही थंडी नीट दिली नाही तर पैदाशीचे सारे गणित बिघडते. जोडी जमली की नर आपली हनुवटी मादीच्या पाठीवर घासत, अंगाला झटके देत तिच्याबरोबर सरकत राहतो. कधी हे तासन्‌तास चालते.

मादीला पुढे वसंतात, एप्रिल ते जूनच्या दरम्यान, अंडी होतात. तिच्यासाठी ओलसर शेवाळाने भरलेली बंद पेटी ठेवतात, म्हणजे बिळाच्या अंधाराची जागा मिळते. अंडी चार ते बारा. पांढरी, चिवट कातड्याची, कोंबडीच्या अंड्याहून लांबट, आणि वरून खरखरीत, जणू रव्याचे कण चिकटवले आहेत. काही मादींना अंडी अडतात, आणि मग जनावरांच्या डॉक्टरांना धावावे लागते. अंडी घालून झाली की मादीचे काम संपले. ती उबवत बसत नाही.

मग ती अंडी काढून ओलसर भुशासारख्या खनिजाच्या डब्यात ठेवतात. इथे एक गोष्ट अशी आहे की जी आपल्याकडच्या कोंबड्या पाळणाऱ्या बायांना चमत्कारिक वाटेल. कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटते, उबवणीच्या यंत्रातही ती उलटावी लागतात. सापाचे अंडे उलटायचे नाही. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडे फिरले तर तो मरू शकतो. म्हणून अंड्यावर पेन्सिलीने वरची खूण करतात आणि जसे सापडले तसेच ठेवतात. उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास. आपल्या वाक्वाच्या उन्हाळ्याइतकी म्हणा ना. जास्त ऊब दिली तर लवकर फुटतील असे वाटते, पण पिल्ले वाकड्या कण्याची निघण्याचा धोका असतो. पाणी कमी पडले तर अंडे चेपते, जास्त झाले तर बुरशी धरते. आणि हे सांभाळायचे किती दिवस? सुमारे तीन महिने, कधी त्याहून अधिक. कोंबडीचे एकवीस दिवस आपल्याला लांब वाटतात!

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अंड्याला चीर दिसते. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी एक तात्पुरता दात असतो, त्याने ते कवच कापते. पण लगेच बाहेर येत नाही. डोके बाहेर काढून एखादा दिवस, कधी दोन दिवस, ते तसेच बसून राहते. आतला उरलेला बलक पोटात शोषला जात असतो. अशा वेळी उतावीळपणाने ओढून काढले तर पिल्लू जगत नाही. बाहेर आल्यावर त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर भरते. सापाच्या पिल्लाला ही लांबी फार मोठी. साधारण दोन आठवड्यांत पहिली कात पडते आणि मग पोटाची काळजी सुरू होते.

खाणे हा मोठा कटकटीचा विषय. रानातले पिल्लू लहान साप, सरडे, बेडूक खाते. पिंजऱ्यात रोज साप कुठून आणणार? मग मेलेला लहान उंदीर द्यायचा, पण पिल्लू त्याला अन्न समजत नाही. तेव्हा उंदराला सापाच्या कातेचा किंवा माशाचा वास लावतात. वासाने फसून ते पहिला घास घेते, दुसरा घेते, आणि हळूहळू साध्या उंदरावर येते. ज्या आयांनी मुलाला दुधीची भाजी गुळात लपवून खाऊ घातली आहे, त्यांना ही युक्ती शिकवायला नको.

नोंदवही हेही मोठे काम. कोणती मादी कोणत्या नराची, कोणाची पिल्ले कुठे गेली, हे लिहून ठेवले नाही तर सख्ख्या भावंडांची जोडी लागून वंश कमजोर होतो. प्रत्येक सापाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चकती घालतात. आजारांपैकी क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या आतड्यातील परोपजीवीची धास्ती विशेष, कारण त्यावर खात्रीचे औषध नाही. नवा साप आला की त्याला बरेच दिवस वेगळा ठेवतात. ही शिस्त रुग्णालयापेक्षा कमी नाही.

जुन्या पुस्तकांत एक अद्‌भुत हकीकत आहे. १९४५ साली कार्सन नावाच्या शास्त्रज्ञाने लिहिले की चार वर्षांहून अधिक काळ एकटी ठेवलेल्या इंडिगो मादीने अंडी घातली आणि त्यांतील एकात गर्भ वाढला. त्यांनी याचा अर्थ असा लावला की जुन्या जोडीचे बीज तिने इतकी वर्षे जपून ठेवले. आता काही सापांच्या माद्या नरावाचूनही पिल्ले देतात हे ठाऊक झाले आहे, तेव्हा त्या हकीकतीकडे नव्या डोळ्यांनी पाहिले जाते.

नव्या काळातले काम २००८ च्या सुमारास सुरू झाले. त्याच वर्षी ओरिआन सोसायटी ही संस्था निघाली. तिने फ्लोरिडात युस्टिस गावाजवळ इंडिगोसाठी पैदास केंद्र उभारले, आणि २०१४ पासून ते सेंट्रल फ्लोरिडा प्राणिसंग्रहालयाकडे आहे. ऑबर्नच्या लोकांनी आरंभी जॉर्जियातील रानातून गाभण माद्या आणल्या, त्यांची अंडी घेतली आणि माद्यांना जिथून आणले तिथे नेऊन सोडले. पिल्ले अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात वाढवली. ती लगेच सोडली नाहीत. सुमारे दोन वर्षे पोसून, सव्वा ते दीड मीटर झाल्यावर सोडली. एवढ्या मोठ्या सापाला घुबड किंवा रॅकून सहज उचलू शकत नाही.

२०१० मध्ये अलाबामातील कोनेका राष्ट्रीय वनात पहिले १७ साप सोडण्यात आले. या वेळी जागा एकच धरली, आणि दहा वर्षांत तीनशे साप सोडायचे असे ठरवले. आधीच्या प्रयत्नांतून घेतलेला हा धडा. त्यांच्या पोटात बारीक रेडिओयंत्र बसवले होते. काहींना सरळ सोडले, तर काहींना कासवाच्या बिळांभोवती घातलेल्या कुंपणात काही काळ ठेवून मग मोकळे केले. फ्लोरिडात अपालाचिकोला नदीकाठच्या संरक्षित रानात इंडिगो १९८२ नंतर दिसला नव्हता. तिथे २०१७ मध्ये १२ साप सोडले, आणि पुढेही दरवर्षी सोडत गेले. पण त्याआधी तिथे वर्षानुवर्षे पाइन आणि गवत पुन्हा लावण्याचे, ठरवून आग लावण्याचे काम झालेले होते.

सोडलेले साप जगतात एवढ्याने काम होत नाही. त्यांची पिल्ले माणसाच्या मदतीवाचून रानात जन्मली पाहिजेत. यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. २०२० मध्ये कोनेकाच्या रानात खुणेची चकती नसलेले एक लहान पिल्लू सापडले. त्याला चकती नव्हती हीच त्याची महती. कोणत्याही पिंजऱ्याच्या वहीत त्याचे नाव नव्हते. दुसरे सापडले २०२२ मध्ये. फ्लोरिडाच्या रानात अशी दोन पिल्ले २०२३ मध्ये दिसली. इतकी वर्षे, इतका पैसा, इतकी माणसे, आणि हाती चार पिल्ले, असे कोणी म्हणेल. पण जमिनीखाली राहणारा साप दिसणेच दुर्मीळ. दिसलेल्या एकामागे न दिसलेले किती, हे ज्याचे त्याने समजावे.

आता तो आपल्या बेटाचा धागा. ग्रां बे किंवा कॅप मालेरेकडून उत्तरेला समुद्रात पाहिले तर बेटे दिसतात. त्यांच्याही पलीकडे, मॉरिशसच्या किनाऱ्यापासून सुमारे बावीस किलोमीटरांवर राउंड आयलंड, आपले इल रोंद आहे. तिथे उंदीर कधी पोहोचले नाहीत. म्हणून मॉरिशसच्या मुख्य बेटावर उंदरांनी नाहीसे केलेले साप तिथे उरले होते. दोन जाती होत्या. त्यांपैकी एक, जमिनीत घुसून राहणारी, १९७५ नंतर कोणालाही दिसली नाही. आमच्या जन्माआधी थोडीच वर्षे. डोडोची गोष्ट सांगताना आपण तीनशे वर्षे मागे जातो. ही गोष्ट सांगायला तेवढे मागे जावे लागत नाही.

दुसरी जात राउंड आयलंडचा बोआ. नावाने बोआ, पण खऱ्या बोआंहून वेगळ्या कुळातला, आणि त्या कुळातला आता जगात हा एकटाच. त्याचा वरचा जबडा मध्ये सांधा असलेल्या दोन तुकड्यांचा आहे, जो दुसऱ्या कोणत्याही सापात नाही. गुळगुळीत, कडक अंगाचे सरडे धरायला तो उपयोगी पडतो. खरे बोआ बहुतेक जिवंत पिल्ले देतात, हा अंडी घालतो. पिल्ले अंड्यातून निघतात ती नारिंगी रंगाची, मोठेपणी ती करडी-तपकिरी होतात.

एकोणिसाव्या शतकात कोणी त्या बेटावर शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी झाडांचे कोंब खाल्ले, मुळे उघडी पडली, आणि पावसाबरोबर माती समुद्रात गेली. इंग्लंडचे प्राणिप्रेमी लेखक जेराल्ड डरेल १९७६ आणि १९७७ मध्ये इथे आले, राउंड आयलंडवर उतरले, आणि काही बोआ इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेले. इथे काही घडले तर जात पुसली जाऊ नये, हा हेतू. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथे अंडी उबली. जर्सीतही पिल्लांचे खाणे हीच मोठी अडचण, कारण ही पिल्ले रानात पाली आणि लहान सरडे यांवर वाढतात, उंदरावर नाही. इंडिगोच्या पाळणाऱ्यांची आणि यांची दुखणी सारखीच.

पण बोआ वाचला तो मुख्यतः जर्सीतील अंड्यांनी नव्हे, असे आम्हांला वाटते. १९७९ पर्यंत शेळ्या काढल्या गेल्या आणि १९८६ मध्ये ससेही संपवण्यात आले. न्यूझीलंडहून डॉन मर्टन यांच्यासारखे जाणकार त्यासाठी आले होते. त्यानंतर लाताने आणि इतर ताडांची रोपे पुन्हा उगवली, सरडे वाढले, सरड्यांबरोबर बोआ वाढले. एकेकाळी काही डझन ते शे-दोनशेच्या घरात मोजला जाणारा हा साप आता हजाराहून अधिक आहे. आपल्या सरकारचे वन्यजीव खाते, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि डरेल यांची संस्था हे काम एकत्र करतात. बोचक्यातली भीती घेऊन आलेल्या कुळांतली काही मराठी आडनावेही उद्या या कामात दिसावीत, अशी आमची इच्छा आहे. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी तर नागपंचमीच्या वहीत नागाशेजारी नारिंगी रंगाचे पिल्लू काढले, आणि आम्ही त्यांचे गुण कापले नाहीत.

एकच बेट म्हणजे एकच टोपली, आणि वादळ आले तर सगळी अंडी तिच्यातच. म्हणून २०१२ मध्ये राउंड आयलंडवरील काही बोआ क्वँ द मीर बेटावर नेऊन सोडण्यात आले. तिथले उंदीर आणि ससे १९९० च्या दशकात हटवलेले होते. हे साप पिंजऱ्यातले नव्हते, रानातूनच उचललेले होते. कॅप मालेरेच्या लाल छपराच्या चर्चसमोर उभे राहून छायाचित्र काढताना मागे पाचरीसारखे उभे दिसते तेच हे बेट. त्यावर उतरायला परवानगी लागते. साप तसेही दिवसा ताडांच्या पानांत आणि खडकांच्या फटींत बसतात, आणि अंधार पडला की सरडे शोधायला निघतात.